एक कॅप्सूल दोन दिवस पुरवणारा माणूस: राज्य आरोग्य हमी सोसायटीला खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, महाराष्ट्र

विषय: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून स्टेंट बसवलेल्या रुग्णांची एकवेळची जनुकीय चाचणी करण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी औषधविक्रेता. डी. फार्म. झाल्यावर दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या होलसेल बाजारात खोकी उचलली. मग नारायण पेठेत स्वतःचं दुकान टाकलं आणि ३८ वर्षं काउंटरमागे उभा राहिलो. आता दुकान मुलगा बघतो. मी सकाळी तासभर जाऊन बसतो, म्हणजे त्याच्या कामात लुडबुड करतो.

डॉक्टरांसमोर माणूस जे बोलत नाही, ते आमच्या काउंटरवर बोलतो. ‘ही गोळी मला मानवत नाही.’ ‘बाकी सगळ्यांना गुण येतो, मलाच येत नाही.’ ‘मला अर्धीच पुरते हो.’ ‘ती खोकल्याची घेतली की दिवसभर झापड.’ अशी वाक्यं मी हजारो वेळा ऐकली असतील. तोंडानं ‘हो का’ म्हणायचो आणि मनात म्हणायचो, पुणेकराचं औषधाबद्दलही स्वतःचं मत असायचंच. यातली कितीतरी वाक्यं अक्षरशः खरी असतात आणि त्यांचं कारण यकृतात असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. कळलं तेही घरातल्या माणसावरून.

माझे साडू, त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, धनकवडीला राहतात. त्यांना ॲसिडिटीचा जुना त्रास. वीस वर्षं ते माझ्याकडून ओमेप्राझोलच्या कॅप्सूल नेत. चिठ्ठीशिवाय देत होतो, हे इथेच कबूल करतो. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘लोक रोज घेतात, मला तुझी एक कॅप्सूल दोन दिवस पुरते.’ मी म्हणायचो, अप्पा, काटकसरीला मर्यादा असते. हे वाक्य लक्षात असू द्यावं, त्याकडे परत येणार आहे.

तीन वर्षांपूर्वी अप्पांच्या छातीत दुखलं. आपल्याच योजनेतून शहरातल्या एका रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. पदरचा पैसा गेला नाही. त्याबद्दल मनापासून धन्यवाद, आणि हे केवळ औपचारिकता म्हणून लिहीत नाही. घरी जाताना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन दिलं. डिस्चार्जनंतरची दहा दिवसांची औषधं योजनेत असतात, ती संपल्यावर पुढची माझ्याकडून. एकही दिवस चुकला नाही, कारण डबीत गोळ्या भरून देणारा मीच होतो. सातव्या आठवड्यात पहाटे पुन्हा कळ आली. या वेळी जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेलं. स्टेंटमध्ये गुठळी होती. अप्पा वाचले, पण हृदयाचा थोडा भाग कायमचा गेला. पूर्वी पर्वतीच्या पायऱ्या एका दमात चढणारा माणूस आता दुसऱ्या मजल्यावर थांबतो.

तिथल्या डॉक्टरांनी एक रक्तचाचणी लिहिली. मी तिचं नाव प्रथमच ऐकत होतो: सीवायपी-टू-सी-नाइन्टीन. दहा दिवसांनी अहवाल आला. ‘स्टार-टू, स्टार-टू’. क्लोपिडोग्रेल बंद झालं, त्याच कामाचं दुसरं औषध, टिकाग्रेलॉर, सुरू झालं.

क्लोपिडोग्रेल हे तयार पीठ नाही, दळण आहे. गोळी पोटात गेली तरी ती जशीच्या तशी काही करत नाही. तिचा जवळजवळ ८५ टक्के भाग तर वाटेतच निकामी होतो. उरलेला भाग यकृतातली एन्झाइम्स दोन टप्प्यांत दळतात, आणि त्यातून जो पदार्थ निघतो तो प्लेटलेट्सना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही. या दळणातली मुख्य गिरणी म्हणजे सीवायपी-टू-सी-नाइन्टीन. ती कशी बांधायची याचा नकाशा एका जनुकात असतो. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यात एका ठिकाणी ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर पडलं की नकाशा चुकतो आणि गिरणी उभीच राहत नाही. याला ‘स्टार-टू’ म्हणतात. एक प्रत अशी असेल तर गिरणी अर्ध्या वेगानं चालते. दोन्ही अशा असतील तर दळण येतं आणि तसंच पडून राहतं. अप्पांच्या दोन्ही प्रती तशा निघाल्या.

अहवाल वाचून आधी मला घाम फुटला, तो वेगळ्या कारणानं. ओमेप्राझोल याच गिरणीला अडथळा करतं. क्लोपिडोग्रेलबरोबर ते देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००९मध्ये दिला होता. आणि मी अप्पांना दोन्ही एकाच पिशवीत घालून देत होतो. दोन रात्री झोप नाही. शेवटी त्याच डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, ज्यांची एक तरी प्रत चालू आहे त्यांच्या बाबतीत तुमची भीती बरोबर आहे. पण यांची गिरणी जन्मापासूनच बंद. बंद गिरणीला कुलूप लावलं काय, न लावलं काय.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, ‘यांना ॲसिडिटीची गोळी जरा जास्तच लागू पडते का?’

ओमेप्राझोलचा शरीरातून निचरा करणारी गिरणीही तीच. ती बंद असेल तर ओमेप्राझोल रक्तात कितीतरी अधिक आणि अधिक वेळ राहतं. एक कॅप्सूल दोन दिवस पुरते, हे काटकसरीचं बोलणं नव्हतं. अप्पा वीस वर्षं माझ्या काउंटरवर उभे राहून स्वतःच्या जनुकाचा अहवाल तोंडी वाचून दाखवत होते.

आता आपले तज्ज्ञ काय म्हणतील तेही मीच लिहितो. स्टेंट बंद पडायला वीस कारणं असतात: बारीक रक्तवाहिनी, नीट न फुललेला स्टेंट, मधुमेह. अप्पांचा स्टेंट जनुकामुळेच बंद पडला, असं शपथेवर कुणी सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. दुसरं, २०२०मध्ये ‘टेलर-पीसीआय’ हा ५,३०२ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सदोष प्रत असलेल्यांपैकी ज्यांचं औषध चाचणी बघून ठरवलं, त्यांच्यात वर्षभरात ४ टक्क्यांना मोठा त्रास झाला, तर ज्यांना नेहमीप्रमाणे क्लोपिडोग्रेलच दिलं, त्यांच्यात ५.९ टक्क्यांना. फरक दिसला, पण संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडे थांबला. ज्यांना चाचणी नको असते ते हा अभ्यास पुढे करतात, ज्यांना हवी असते तेही हाच करतात. तिसरा मुद्दा, सरळ सगळ्यांनाच टिकाग्रेलॉर द्या की. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसाठी बरेच हृदयरोगतज्ज्ञ तेच पसंत करतात. पण ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, काहींना त्यानं धाप लागल्यासारखं वाटतं, रक्तस्राव जास्त होतो, आणि ते महाग आहे. तिसऱ्या महिन्यात माणूस काउंटरवर येतो आणि विचारतो, ‘यापेक्षा स्वस्त काही?’ मग कुणीतरी पुन्हा क्लोपिडोग्रेल लिहून देतं. कागदावरचं औषध आणि पोटात जाणारं औषध यांच्यातली ही वाट मुंबईतल्या कार्यालयातून दिसत नसेल, पण माझ्या स्टुलावरून स्पष्ट दिसते.

म्हणूनच कुणाला स्वस्त औषध चालेल आणि कुणाला अजिबात चालणार नाही, हे आधी कळायला हवं. नेदरलँड्सच्या पुढाकारानं झालेल्या ‘पॉप्युलर जेनेटिक्स’ या २०१९च्या अभ्यासात उलट बाजूनं हेच केलं होतं. ज्यांची गिरणी चालू होती, त्यांना महागड्या औषधावरून क्लोपिडोग्रेलवर आणलं. गुठळ्या वाढल्या नाहीत, रक्तस्राव कमी झाला. योजनेच्या हिशेबनिसांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आपल्याकडे या प्रश्नाला जास्त धार आहे. पूर्व लंडनमध्ये बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा एक मोठा जनुकीय अभ्यास चालतो. तिथे निम्म्याहून अधिक लोकांकडे या जनुकाची किमान एक निकामी प्रत निघाली. युरोपीय लोकांत हे प्रमाण बरंच कमी असतं. ज्या औषधाची मात्रा आणि भरवसा प्रामुख्यानं गोऱ्या रुग्णांवर ठरला, ते आपण डोळे मिटून गिळतो. उपचार कसे द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं जुलै २०२४मध्ये पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देण्याआधी ही चाचणी करावी, अशी शिफारस केली. अमेरिकेत तर २०१०पासून या औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा आहे. मी इतकी वर्षं ते औषध विकलं. चौकट कधी बघितली नाही, कारण आपल्याकडे माहितीपत्रकाची घडी उघडतं कोण?

हा प्रकार एकाच गोळीपुरता नाही. फिट्‌ससाठी आणि चेहऱ्याच्या असह्य कळांसाठी कार्बामाझेपिन देतात. तैवानमध्ये २००४ साली असं दिसलं की या औषधानं ज्यांची कातडी भाजल्यासारखी सुटली, त्या ४४च्या ४४ रुग्णांमध्ये एचएलए-बी-१५:०२ हा जनुकप्रकार होता. पुढे तिथे ४,८७७ लोकांची औषधाआधी चाचणी केली, ज्यांच्यात तो आढळला त्यांना दुसरं औषध दिलं. उरलेल्यांपैकी एकालाही तो भयंकर त्रास झाला नाही. तसंच प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन आणि रक्ताच्या कर्करोगात लहान मुलांना देतात ते मर्कॅप्टोप्युरिन. काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांनी एकदम कोसळतात, म्हणून युरोपात टीपीएमटी नावाचं जनुक तपासतात. आपल्या आशियाई लोकांत त्या कोसळायला बऱ्याचदा वेगळंच जनुक कारण असतं, एनयूडीटी-१५. ते कोरियातल्या रुग्णांवरून २०१४मध्ये सापडलं. म्हणजे बाहेरून चाचणी आयात केली, तर ती नेमकं आपलंच दुखणं न बघता ‘सर्व ठीक’ असा शिक्का मारून मोकळी.

या सगळ्यात पुण्याचा स्वतःचा एक धागा आहे. २०११मध्ये पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी १३२ निरोगी माणसांची आयुर्वेदानुसार प्रकृती ठरवली आणि त्यांचं हेच जनुक तपासलं. कफ प्रकृतीच्या ३१ टक्के लोकांची गिरणी बंद निघाली, पित्त प्रकृतीच्या फक्त ९ टक्क्यांची. आजीनं ‘तुझी प्रकृतीच तशी’ म्हणायचं आणि विद्यापीठानं ते नळीत घालून बघायचं, हे मला भलतंच आवडलं. पण १३२ माणसं म्हणजे आमच्या वाड्यातल्या गणपतीच्या आरतीला जमतात तेवढी. यावरून नाडी बघून स्टेंटचं औषध ठरवायला कुणी निघालं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं. आणि थुंकी पाठवा, टक्कल आणि डाएट दोन्ही सांगतो, अशा जाहिरातींचं जे पेव फुटलंय, त्यासाठीही मी हे पत्र लिहीत नाही.

जातीबद्दलही लिहायला हवं, कारण हा विषय निघाला की लोक तिकडे वळतात. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात सक्सिनिलकोलिन हे भुलेच्या वेळचं औषध काही मिनिटांऐवजी तासन्‌तास टिकतं अशी माणसं बऱ्यापैकी आढळतात. दक्षिणेतल्या भूलतज्ज्ञांना ते चांगलं ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या रोटीबेटी व्यवहार आपल्यातच ठेवला की असे बदल एका समाजात साचतात. त्यामुळे सातारच्या गावचे आकडे मेळघाटाला लागू होतीलच असं नाही. पण त्याचा अर्थ केसपेपरवर जात लिहून औषध ठरवा, असा होत नाही. त्याच समाजातल्या बहुसंख्य लोकांना तो दोष नसतो आणि बाहेरच्या कुणाला तरी असतो. ज्याला गोळी द्यायची त्याचंच जनुक बघा. आडनावाला यकृत नसतं.

देशानं पायाभरणी केलेली आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले गेले. ती माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली झाली आणि फरीदाबादच्या साठवणकेंद्रात आहे. ती तिथून स्वारगेटच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्या रुग्णापर्यंत कशी पोचणार, एवढाच प्रश्न आहे. तो विज्ञानाचा नाही, आपल्या खात्याचा आहे.

खर्चाचं म्हणाल, तर या एका जनुकाची चाचणी करायला अख्खा जनुकसंच वाचावा लागत नाही. आरटी-पीसीआरचं यंत्र पुरतं. ती यंत्रं कुठे आहेत हे मी आपल्याला सांगायची गरज नाही. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोरोना रुग्ण याच शहरात सापडले, देशी बनावटीचं पहिलं मान्यताप्राप्त किट त्याच महिन्यात पुण्याच्याच मायलॅबनं आणलं, आणि पुढच्या दोन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्या यंत्रांना काम द्या. खासगी लॅबमध्ये अप्पांच्या चाचणीला काही हजार लागले. दुसऱ्या अँजिओप्लास्टीला योजनेचे किती गेले, ते आपल्याच दप्तरी असेल.

मागणी मोठी नाही. योजनेतून स्टेंट बसवला आणि रुग्ण क्लोपिडोग्रेलवर राहणार असेल, तर ही चाचणी त्याच पॅकेजमध्ये धरावी. अहवाल पहिल्या दहा दिवसांत, म्हणजे योजनेची औषधं संपायच्या आत यावा, नाहीतर रुग्ण आमच्याकडे पोचलेला असतो. सुरुवात पुणे जिल्ह्यापुरती करा, दोन वर्षांचे आकडे मांडा. उपयोग नाही असं दिसलं तर बंद करा, मी हू की चू करणार नाही. ज्यांच्या दोन्ही प्रती निकामी निघतील त्यांना दुसऱ्या औषधाचा वर्षभराचा खर्च योजनेनं द्यावा, कारण गिरणी बंद आहे एवढं सांगून पीठ न देणं हा क्रूरपणा होईल. कार्बामाझेपिन आणि मर्कॅप्टोप्युरिनचा विचार त्यापाठोपाठ व्हावा, पण आधी एक तरी धड होऊ दे.

रुग्णाची संमती घ्यावी. फक्त तेवढंच जनुक तपासावं, उरलेलं रक्त कुणाच्या संशोधनाला त्याला न विचारता जाऊ नये. आणि निकाल त्याच्या हातात, मराठीत द्यावा. ही चाचणी जन्मात एकदाच करायची असते, निकाल बदलत नाही. रिपोर्टची फाइल मात्र दोन वर्षांत माळ्यावर जाते. सिकलसेलच्या तपासणीत आपण कार्डं देतोच, त्यामुळे ही रीत आपल्याला नवी नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही याच पत्रातून दोन शब्द. औषध बाधलं, मानवलं नाही, असं गिऱ्हाईक सांगेल तेव्हा ‘हो का’ म्हणून सोडू नका. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते, ती औषधविक्रेताही करू शकतो, रुग्णही. नोंदी घेण्याचा हा सरकारी कार्यक्रम २०१०पासून आहे. मी स्वतः एकही नोंद केली नाही, तेव्हा उपदेशाचा मला फारसा अधिकार नाही, पण क्रमांक तरी द्यावा म्हटलं.

अप्पांच्या मुलीला आणि मुलाला प्रत्येकी एक निकामी प्रत आलेली असणारच, त्याला चाचणीही नको. अप्पांच्या धाकट्या भावाचं सांगता येत नव्हतं. त्याला मी गेल्या दिवाळीत स्वतःच्या पैशानं तपासायला लावलं. त्याच्याही दोन्ही निकामी. वय ५८, साखर, बी.पी., तंबाखू. त्याला अजून काही झालेलं नाही.

दोघांसाठी मी दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कार्डं लॅमिनेट करून घेतली. त्यावर लिहिलंय: ‘सीवायपी-टू-सी-नाइन्टीन, स्टार-टू/स्टार-टू. क्लोपिडोग्रेल लागू पडणार नाही, दुसरं औषध द्यावं.’ आपल्या योजनेच्या कार्डाची मागची बाजू मोजून बघितली. हा मजकूर तिथे दोन ओळींत बसतो.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
नारायण पेठ, पुणे ३०